लाल त्रिकोणाचा मसाला

राहाता

चि. सौ. मनवा हिस रविकांतकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि तुझ्या सासूबाई खुशाल असाल. इकडे माझा गुडघा ठीक आहे, विजयाकाकू ठीक नाही. (तब्येत उत्तम आहे, बोलत नाही एवढंच.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर ती शेजारी बसून ऐकते.

काकूच्या मसाल्याच्या पाकिटावर मी तिचा फोटो, मिरच्या, लवंगा आणि मागे उगवता सूर्य सुचवला होता. तू म्हणालीस, काका, एवढं बघायला वेळ कोणाला आहे, एक आकार आणि एक रंग, बास. माणूस नाव विसरतो, आकार विसरत नाही. मग तू मिरचीचं देठ काढलंस, वाक काढलास, आणि शेवटी टोक खाली असलेला लाल त्रिकोण उरला. पांढऱ्या पाकिटावर तो इतका देखणा दिसला की काकूने पहिलं पाकीट देवापुढे ठेवलं.

बाळ, तुझा जन्म उशिराचा. आमच्या पिढीने हाच त्रिकोण, हाच लाल, असाच टोक खाली केलेला, सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं पाहिलाय. कुटुंब नियोजनाचा. आठवडी बाजारात आम्ही पाकिटं मांडली, तर बायका लांबूनच तोंडाला पदर लावून पुढे जायला लागल्या. वाडीवरच्या छबूबाई तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "मला आता पणतू झाला, ह्ये घिऊन काय करू?" मच्छिंद्र भाजीवाल्याने तर गंभीरपणे विचारलं, "सरकारनं आता कालवनातूनच द्यायचं ठरवलं व्हय?" छबूबाईंनी दयेपोटी एक पाकीट नेलं, तेवढंच खपलं. घरी आल्यावर काकूने मसाला बंद असं जाहीर केलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर आळीला फुकट मसाला वाटणाऱ्या बाईने पहिल्यांदाच स्वतःचं म्हणून काही मांडलं होतं.

आणि मला मात्र चाळाच लागला. पुठ्ठ्यावर त्रिकोण रंगवून दारात लावून बघायचा. टोक वर केलं, तर टेम्पोवाला सहादेव लांबून वळसा घालून गेला (त्याला वाटलं, पुढे गाडी बंद पडलीय). हिरवा केला, तर एकाने विडा मागितला. लाल ठेवून गोल केला, तर थेट कुंकू. म्हणजे आकार एकटा किंवा रंग एकटा बदलला तरी माणूस भलतीकडे जातो, आणि दोन्ही जुळले की वाचता न येणाराही इतक्या वर्षांनी ओळखतो. हे डोक्यात नेमकं कुठे जाऊन बसतं, ते तुमच्या डिझाइनच्या कॉलेजात शिकवतात का? असो. तू त्रिकोण तेवढा बदलून दे, म्हणजे काकू बोलायला लागेल.

तुझा
रविकांतकाका

ता. क. : काकूने हे पत्र वाचलं. (उशीखाली ठेवलं होतं, अक्कल माझी.) पण आज कोपरगावहून छबूबाईंची लेक घर शोधत आली. मसाल्याचं नाव काही तिला आठवेना. म्हणाली, "त्यो लाल त्रिकोनाचा मसाला द्या, आईकडं खाल्ला हुता. लई झ्याक हाय." काकू तेव्हापासून बोलतेय, थांबतच नाही. त्रिकोणाला हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.

आणखी ता. क. : आता खरं काम. तुझ्या डोहाळजेवणाला येणाऱ्या बायकांना वाटायला काकूने खोकाभर पाकिटं एसटीने पाठवली आहेत. मी त्रिकोण खरवडायला बसलो होतो, पकडला गेलो. खोका सासूबाईंच्या हाती पडण्याआधी तू गाठ. आधी सगळ्यांना याच मसाल्याची आमटी वाढ, पाकीट मग काढ. त्रिकोण त्यांना पाठच आहे, चव तेवढी नवी.