मांडवाचं तोंड

आप्पा, मला तुमचा राग आलाय. तसा तो लई दिवसांचा आहे, पण काल इतका वर आला की ताट तसंच सारलं. आईला बोललो तर ती रडत बसेल, म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. बापाशी भांडायचं वय आलं तेव्हा समोर बाप नव्हता. गावात अजून तुमचं नाव निघालं की लोकांचे चेहरे मऊ होतात, "आप्पासारखा माणूस न्हाय," म्हणतात आणि लगेच माझ्याकडं बघतात. त्या बघण्याचाही राग येतो मला.

दुष्काळ सरता सरता आपल्या गावात दूध सोसायटी निघाली. तिची पहिली सभा मला लख्ख आठवते. बारदानं शिवून केलेला मांडव, खाली मारुतीच्या देवळातनं आणलेली जाजमं. सगळे म्हणत होते, मांडवाचं तोंड रस्त्याकडं ठेवा, शोभा येते. तुम्ही ते दूध घालायच्या खोलीकडं केलंत आणि बोलणाऱ्यांचं टेबलही त्याच अंगाला लावलंत. स्टेज नाही, काही नाही. म्हणजे सकाळचं दूध घालून बाया निघाल्या की मांडवात शिरताच थेट पुढच्या जाजमावर, आणि पारावरून येणारे गडी आपसूक मागं. तरी बाया काय सहज बसतात? त्या कडेनं भिंतीकडं सरकायला लागतात. तुम्ही तोंडाशी उभे आहात, डोक्याला तो पिवळा पडलेला पटका, आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातली किटली काढून घेताय. "या अक्का, बसा. हातात ओझं कशाला?" असं म्हणत रिकामी किटली नेऊन टेबलापाशी मांडताय. किटली जिथं, तिथंच बाईचा जीव. मराठ्यांच्या बाया, बौद्धवाड्यातल्या बाया, साऱ्या आपापल्या किटलीमागं ओळीनं बसल्या, आणि कोण कुणाशेजारी बसली हे कळेपर्यंत सभा सुरूसुद्धा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, ही सभा हाय का बाजार?" तुम्ही म्हणालात, "बाजारच हाय. ज्याचं दूध त्यो म्होरं." मांडव हसला.

त्या ओळीत एक बाई होती. तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता आजारी पडून गेलेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. ती दारातूनच परत निघाली होती. तुम्ही तिचीही किटली घेतलीत आणि बरोबर मधोमध ठेवलीत.

हे सगळं मी पाहिलं, पण लांबून. मी जाजमाचं एक टोक धरून ओढत होतो तर तुम्ही ते हातातून हिसकलंत. "सोड. जाजमं ओढायला न्हाय जन्माला घातला तुला. घरी जा, पुस्तक घे." साऱ्या गावाला या-बसा, आणि मला जा. घरी आल्यावर तर तुम्ही मुकेच असायचात. आई ताट वाढायची, तुम्ही भिंतीकडं बघत जेवायचात. मांडवातला तो गोड माणूस घराच्या उंबऱ्यापाशी कुठं गळून पडायचा, हे मला अजून कळलेलं नाही. मग मी तुमचं ऐकलं. पुस्तक घेतलं. धाराशिवच्या कॉलेजात गेलो, आणि दुसऱ्या वर्षाला सोडून आलो. गावाला सांगितलं, शेताकडं बघायला कुणी न्हाय. खरं कारण रोज सकाळी किटली घेऊन सोसायटीत यायचं. त्याच बाईची मुलगी. मी दूध तपासायला बसायचो आणि ती म्हणायची, "कॉलेज शिकून पाणी वळखायला आलं का हो तुमाला?" एवढ्यावर माझा दिवस जायचा. हसू नका.

आता सोसायटीचा चेअरमन तिचा सख्खा मामा आहे. यंदाच्या सभेला त्यानं सोलापूरहून मांडववाला आणला. उंच स्टेज, वर सोफे, स्टेजपुढं दोरी, आणि बायांना पार मागं, कनातीच्या आड. मी भडकलो. पहाटेच जाऊन मांडवाचं तोंड फिरवायला लावलं, दोरी सोडली, तुमच्यासारखी जाजमं टाकली. मामा आला आणि आमची जुंपली. "कॉलेजकुमार, पाहुणे काय जाजमावर बसवू?" "बसवा की, तुमचे पाहुणे काय आभाळातनं पडलेत?" आम्ही दोघं सोफ्यांपायी भांडत राहिलो, तेवढ्यात बाया आल्या. मांडवाच्या तोंडाशी कुणीच नव्हतं. त्यांनी आत पाहिलं, पुढचं मोकळं जाजम पाहिलं आणि किटल्या हातातच धरून गुमान भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या. ती मात्र सरळ आली आणि त्या एवढ्या मोठ्या जाजमावर एकटीच बसली. सभा संपेपर्यंत तशीच, ताठ. मागं गड्यांची कुजबुज. मामा स्टेजवरून तिच्याकडं बघतोय.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना ती म्हणाली, "जाजम टाकलं की झालं वाटतं तुमाला. या म्हणायला तोंड न्हवतं का?"

तुम्ही मला कधी दाखवलंत का, की जाजम हा अर्धाच भाग असतो? अख्ख्या गावाला एका मांडवात बसवायची हातोटी तुमच्यापाशी होती, ती कुणाला दिली नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. हमाली म्हणून माझ्यापासून लपवलीत, आणि खुशाल निघून गेलात. तुमच्या माघारी पहिल्याच वर्षी बाया मागं सरकल्या. एका माणसाच्या गोड बोलण्यावर उभं केलेलं असंच पडतं, आप्पा. तेवढं तरी कळायला हवं होतं तुम्हाला.

मामानं पंधरवड्यात तिचं लग्न जमवलं. "लई म्होरं बसायला लागलीय," असं पारावर म्हणाला म्हणे. नळदुर्गच्या हमरस्त्यावर ढाबा असलेलं घर. मी दोन दिवस शेतात जाऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी तिची आई सोसायटीत आली. दूध घातलं, आणि गेली नाही.

"पोरा, लग्नात मांडवाच्या तोंडाला तू हुबा ऱ्हा."

"मी? तुमचा भाऊ हाय की."

"त्यो हाय म्हणूनच. पांढऱ्या कपाळाची बाई अक्षतीला म्होरं नको म्हणतोय. मला चुलीपाशी बसवायचं ठरलंय त्याचं. तुझ्या आप्पानं मला म्होरं बसवली, त्यावर मी गावात ताठ मानंनं फिरले. आता पोरीच्या लग्नात मागं बसू व्हय?"

मी मापं विसळायला लागलो. ती म्हणाली, "तुला जड जाईल, ठावं हाय मला. पण दुसरा कोण हाय, सांग."

काल लग्न झालं. शाळेच्या पटांगणात मामाचाच मांडव, खुर्च्या वऱ्हाडाला, बायांची जाजमं एका कडेला. मी तोंडाशी उभा राहिलो. पहिल्या दोघा-तिघांना नुसतेच हात जोडले. ट्रक भरून नळदुर्गचं वऱ्हाड उतरलं, त्यात नवऱ्या मुलाची आजी, काठी टेकत, तिचंही कपाळ पांढरंच. ती सवयीनं कडेला वळली आणि मला एकदम काहीतरी सुचलं. मी पुढं होऊन तिची काठी घेतली. "आजी, तिकडं कुठं? तुमची जागा धरलीय." बोहल्यासमोर एक जाजम ओढलं, तिला बसवलं, काठी तिच्यापुढं आडवी ठेवली. मग चुलीकडं गेलो आणि म्हणालो, "मावशी, पोरीची आजेसासू एकटीच बसलीय. बोलवतीय तुम्हाला." म्हातारीनं बोलावलं बिलावलं काही नव्हतं. पण तिची आई आल्यावर म्हातारी म्हणाली, "बस गं बाई. हुबी काय? आन् मला आदी पाणी पाज, त्या ट्रकनं हाडं मोडली." मामा तरातरा आला. बहिणीला उठवायचं तर शेजारी नवऱ्या मुलाची आजी. तो तसाच वळला आणि वाढप्यांवर ओरडायला निघून गेला.

त्या दोघी पुढं बसल्या म्हटल्यावर बाकीच्या बायाही सरकत सरकत आल्या. मी कुणाच्या मांडीवरचं पोर घेतोय, कुणाला सावलीत बसवतोय. ढाबेवाल्याच्या चुलत्याला बौद्धवाड्यातल्या आपल्या मास्तरांशेजारी बसवलं, दोघंही तंबाखूवाले, लगेच जमलं त्यांचं. नंतर पंगतीत मी स्वतः नवऱ्या मुलाला आग्रह केला. अक्षता पडल्या तेव्हा तिची आई हात वर करून उभी होती, अगदी पुढं.

रात्रीपासून मी तुम्हाला शिव्या देतोय. जे काम तुम्ही मला दिलं नाहीत ते शेवटी माझ्याच गळ्यात पडलं, आणि पडलं तेही कुठल्या लग्नात! उद्या पुन्हा दूध तपासायला बसायचंय आणि त्या ओळीत ती नसणार.

हा कागद मी पाकिटात घालणार नाही, कुठं ठेवूनही देणार नाही. चूल पेटवायला आईला होईल. पण एक गोष्ट आहे, ती फक्त तुम्हालाच सांगता येते. काल मांडवाच्या तोंडाशी, माणसं येत होती, बसत होती, हसत होती, तेव्हा बराच वेळ मला तिची आठवणच झाली नाही. मला बरं वाटत होतं, आप्पा. लई बरं वाटत होतं. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आलाय.