काशीत सोडलेला आंबा

परंडा, वैशाख वद्य पंचमी, फसली १३५२

तीर्थस्वरूप बलभीमअण्णांच्या पायी बब्रुवानाचा दंडवत.

इकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून. उमरग्याच्या हवेत तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची धाकटी बहीण मथुरा ठीक आहे, उलट जरा भरलीच आहे (काहींना उपास मानवतात).

माघात आम्ही नवराबायको काशीला जाऊन आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काशीला गेलं की एक आवडती वस्तू कायमची सोडायची, ही रीत. कुर्डुवाडीला गाडीत बसलो तेव्हाच मी पडवळ सोडायचं ठरवलं होतं (पडवळ मी जन्मात आवडीनं खाल्लेलं नाही). पण घाटावर माझ्या पुढं सोलापूरचे एक गृहस्थ होते. ते ‘सीताफळ’ म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर पडवळाचं नाव घ्यायला माझी जीभ रेटेना. त्यात थंडी, ओलं धोतर, आणि आंबा तीन महिने लांब. मी खड्या आवाजात ‘आंबा’ म्हणून बसलो. पंड्यानं वहीत लिहून घेतलं. मथुरेनं मागून हळूच पडवळ सोडून दिलं.

आता वैशाख चालू आहे. आबांनी लावलेला शेंद्र्या आंबा तीन वर्षं रुसून बसला होता, तो यंदाच लगडला. माजघरात आढी घातली आहे. गवतातून वास सुटला की मी उठून कचेरीपुढं अर्ज लिहायला जाऊन बसतो (परवा एका तंट्यातली विहीर ‘पिकली आहे’ असं लिहून दिलं; पक्षकार भांडायला आला). आखितीला पितरांच्या पानावर रस वाढला. अण्णा, आबा कावळ्याच्या रूपानं आले, माझ्याकडं बघत बघत सगळा रस संपवून गेले. मला रडूच आलं. मेलेल्यानं आंबा खावा आणि जित्यानं बघत बसावं, हा कुठला न्याय?

माझ्या शेजारी बसणारे अर्जनवीस पाशामियाँ कायद्याला पक्के. ते म्हणाले, “बब्रुवानराव, तुमी आंबा सोडला. कोय कुठं सोडली?” मुद्दा बिनतोड होता. घरी येऊन कोय तोंडाला लावली, तर मथुरेनं हातातून काढून घेतली. “कोयीला चिकटलंय ते काय पडवळ हाय?” मग कैरीवर आलो (कैरीला कुणी आंबा म्हणत नाही). चार दिवसांत दात असे आंबले की भाकरी चावेना.

माझं दुःख माझ्यापुरतं असतं तर सोसलं असतं. पण मथुराही आंबा ताटात घेत नाही. माझ्यासमोर तिला घास उतरत नाही म्हणे. आंब्यासाठी झाडावर अख्खी दुपार काढणारी ही पोरगी, असं तुम्हीच सांगत होता. ती आता पोरांना रस वाढते, हात धुते आणि माजघरात जाऊन आढीतले आंबे फिरवत बसते (दिवसातून तीनदा फिरवावे लागतात म्हणे). माझ्या फुशारकीची शिक्षा तिला झाली, हे मला बघवत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
बब्रुवान

ता. क. तुम्ही गंगादशहऱ्याला काशीला निघालात असं कळलं. खरं तर पत्र त्यासाठीच. त्याच पंड्याला वही काढायला लावा आणि माझ्या नावापुढचा आंबा खोडून पडवळ घाला. रीतसर अर्ज सोबत जोडला आहे. माझ्यासाठी नाही हो, मथुरेसाठी मागतोय.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायला शीत आणावं म्हणून आत गेलो. तुमची बहीण आढीमागं भिंतीला टेकून बसली होती. पदरात अकरा कोया, कोपरापर्यंत रस. विचारलं तर म्हणते, “खात न्हाय असं म्या कवा म्हणले? ताटात घेत न्हाय म्हणले. तुमच्याम्होरं कसं खावं वो, तुमी बघत बसता!”

तेव्हा अर्ज बदलतो. पडवळ नको (तिनं सोडल्यापासून ते रोज माझ्या एकट्याच्या ताटात पडतंय). काशीत वस्तूऐवजी एखादा दुर्गुण सोडला तरी चालतो म्हणतात. आंबा खोडून ‘राग’ लिहायला सांगा. फक्त तारीख गंगादशहऱ्याचीच टाका, मागची नको. तोवर मला तो लागणार आहे.