देव्हाऱ्यातला फोन

आबा,

आपल्या घरात रेंज येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा चाळीत कुणाकडेच मोबाइल नव्हता, म्हणून आधी एवढं समजून घ्या की आता फोनला वायर नसते, तो हवेतून येतो, आणि जिथे पोचतो तिथे रेंज आहे म्हणायचं. फोनच्या वरच्या कोपऱ्यात बारक्या काड्या दिसतात. भरपूर काड्या म्हणजे चैन, एकही नाही म्हणजे जगाशी कट्टी. चाळ पडली, तिच्या जागी उंच इमारत झाली, आणि तिच्यात आपल्याला घर मिळालं, स्वतःचा संडास असलेलं. आईला शेवटपर्यंत त्याचं कौतुक पुरलं. पण आपली बाजू पूर्वेची. खिडकीसमोर तुमची गिरणी होती तिथे आता काचेची ऑफिसं उभी आहेत, इतकी जवळ की आतल्या माणसांचे चहाचे कप दिसतात. तुम्ही जिथे जन्मभर कापड विणायचे साचे चालवलेत, नेमकी तीच जागा आमची रेंज अडवून बसली आहे. तक्रार म्हणून सांगत नाही मी. पण सांगायला दुसरं आहे कोण?

एरवी मला रेंज नसल्याचं काही वाटलं नसतं. सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातून कुणाचा फोन येत नाही, हा उलट फायदाच. पण धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आबा. लंगडीत कुणाच्या हाती न लागणारा तुमचा मुलगा आता एक दिवसाआड डायलिसिसला जातो, आणि परत येताना लिफ्टमध्येसुद्धा त्याला भिंतीला टेकावं लागतं. मी माझी किडनी द्यायला निघाले होते. माझी साखर बघून डॉक्टरांनी मलाच दोन शब्द सुनावले. त्याचा संसार टिकला नाही, माझा झालाच नाही, आईही गेली. म्हणजे घरातलं देण्यासारखं माणूसच संपलं. आता त्याचं नाव रांगेत आहे. कुठेतरी कुणीतरी अचानक जातं, त्याच्या घरचे मन मोठं करून हो म्हणतात, आणि मग इस्पितळातून फोन येतो, लगेच या म्हणून. फोन लागला नाही तर त्यांना थांबता येत नाही, ते पुढच्या माणसाला लावतात. हे सगळं तिथल्या मुलीने मला अगदी गोड आवाजात सांगितलं. "मॅम, फोन कायम चालू ठेवा हां, रिचेबल राहा." मी मान डोलावली आणि घरी येऊन बघितलं, तर एक काडी नाही.

म्हणून नवा फोन घेतला. दुकानदाराने छाती ठोकून सांगितलं, "ताई, याचं नेटवर्क एकदम कडक. लिफ्टमध्येपण चालतो." रविवारी सकाळी आम्ही दोघांनी घरभर त्याची परीक्षा घेतली. मी खाली बसस्टॉपपाशी उभी राहून माझ्या फोनवरून लावायचे, आणि धाकटा नवा फोन हातात धरून घरात जागा बदलत राहायचा. पलंगावर, कपाटापाशी, दाराच्या फटीत. बहुतेक वेळा कानात ती बाई यायची, जी आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगते की तुमचा माणूस संपर्काच्या बाहेर आहे. तिचा मला इतका राग आला की बसस्टॉपवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग एकदाचा लागला.

"कुठे आहेस?"

"मोरीच्या उंबऱ्यावर. एका पायावर."

"एका पायावर कशाला रे?"

"दुसरा टेकला की जाते."

मी हसले आणि फोन कटला. वर आले तर तो मोरीच्या उंबऱ्यावरच बसला होता, घामाघूम, फोन मांडीवर. मला म्हणाला, "ताई, फोन मस्त आहे गं. तापत नाही, बॅटरी टिकते, फोटो तर झकास येतात. फक्त फोन येत नाही." त्याला हसवायला मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पंखा वाढवला.

शेवटी रेंज सापडली ती देव्हाऱ्यात. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या कोपऱ्यात आईने लावून घेतलेला तो देव्हारा, त्यात गणपतीच्या उजव्या हाताला ठेवला की दोन काड्या येतात. तेव्हापासून फोन तिथेच असतो. धाकटा त्याला रोज बजावतो, "बाप्पा, वाजला की उचल हां." पण तिथलाही भरवसा नाही. सकाळी असलेल्या काड्या दुपारी नसतात, का ते कुणाला सांगता येत नाही. इंटरनेटवरून फोन लागतो म्हणून ते बसवलं, तर खाली रस्त्याचं खोदकाम कायमचंच, आणि त्यात इंटरनेटची वायर तुटते. कंपनीकडे तक्रार केली. तक्रार दूर झाल्याचा मेसेज त्यांनी पाठवला, तो मला ऑफिसात गेल्यावर मिळाला. त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून मी रडले, आबा. तुम्ही गच्चीवर टीव्हीचा अँटेना पिळत असायचात, खाली माझ्याकडे ओरडायचात, "इलां काय गो चित्र?" आणि मी म्हणायचे, "मुंग्याच आहेत अजून!" मग तुम्ही परत पिळायचात. निदान पिळायला काहीतरी होतं.

मग मला चाळीतला फोन आठवला. तळमजल्यावरच्या मावशींकडे होता तो. सगळ्या चाळीने तोच नंबर आपापल्या नातेवाइकांना दिला होता, पुढे 'पीपी' लावून. फोन आला की मावशी चौकात येऊन हाक मारायच्या, पहिल्या मजल्यावरचं कुणीतरी ती वर ढकलायचं, आणि आपल्या शेवटच्या खोलीपर्यंत हाक चालत यायची. फोन आलाय म्हटलं की बायका आधी गॅस बंद करायच्या. गावाहून उगाच कुणी फोन करत नसे. एकदा शेजारच्यांना फोन आला तेव्हा मी खालीच होते. मावशींचं बोलणं ऐकून मी वर धावत आले आणि गॅलरीतूनच ओरडले की तुमची आजी गेली. त्यांच्या घरात रडारड सुरू झाली. तुम्ही मला आत ओढलंत. मारलं नाहीत, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "फोन इलो, इतक्याच सांगूचा. पुढचा तेंचा तेंका कळात." मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला कळलं नव्हतं की खरं सांगितलं तर चुकलं काय.

आमच्या मजल्यावर समोरच्या बाजूला एक काकू राहतात, गिरगावातून आलेल्या. त्यांची बाजू मोकळी, पश्चिमेची. त्यांच्याकडे भांडी घासतानाही फोन चालतो. पण इथे दारं बंद असतात, आबा. इतक्या वर्षांत आमचं बोलणं लिफ्ट आली का, पाणी आलं का, यापलीकडे गेलं नव्हतं. धाकटा म्हणाला, "नको गं ताई, लोकांना कशाला त्रास?" मी गेलेच. दारात उभी राहून काय बोलले ते मला धड आठवत नाही; पीपी नंबर हा शब्द तेवढा तोंडातून निघाला. काकूंनी चष्मा वर केला. "अय्या, किती वर्षांनी ऐकला हा शब्द! आमच्या वाडीत डॉक्टरांकडे होता फोन." मग म्हणाल्या, "दे माझा नंबर. मी दुपारी जरा पडते, पण फोन उशाशी असतो माझ्या." इस्पितळातल्या मुलीला मी तो नंबर दिला तेव्हा तिने विचारलं, या तुमच्या कोण. मी म्हटलं, शेजारी. तिला ते पुरेसं वाटलं नसावं, कारण तिने परत विचारलं.

आणि एका दुपारी काकू आल्या. बेल वाजवली, वर दारही बडवलं. मी भाकरी थापत होते. दार उघडलं तर त्या अनवाणी, केस सुटलेले, फोन छातीशी धरलेला. "फोन आलाय," म्हणाल्या. बस, तेवढंच. त्यांना आतलं सगळं कळलेलं होतं, त्या मुलीने सांगितलेलंच असणार, पण त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत, फोन माझ्या पिठाच्या हातात दिला. मी आधी मागे वळले आणि गॅस बंद केला. देव्हाऱ्यातला नवा फोन तोंड मिटून बसला होता.

आम्ही गेलो. इस्पितळ आपल्यापासून चालत जाण्यासारखं, तरी काकूंनी टॅक्सी बोलावली. तिथे कळलं की धाकटा दुसरा आहे. पहिल्याचं काही जुळलं नाही तरच त्याचा नंबर. त्याला उपाशी ठेवला, रक्त घेतलं, बसवून ठेवलं. बसल्या बसल्या त्याने मला हळूच विचारलं, "ताई, वय काय असेल गं त्या गेलेल्या माणसाचं?" मी म्हटलं, मला नाही सांगितलं. खरंच नव्हतं सांगितलं. दिवेलागणीच्या सुमाराला ती गोड आवाजाची मुलगी आली आणि म्हणाली की पहिल्या पेशंटचं जुळलं, तुम्ही घरी जाऊ शकता, आणि सॉरी. आम्ही बाहेर आलो. धाकट्याला भूक लागली होती, त्याला समोरच्या हॉटेलात इडली खायला घातली. तो म्हणाला, "निदान फोन तरी लागला." मला त्याच्याकडे बघवेना.

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी आमटीचं पातेलं पुढे केलं.

आता परत तसंच आहे. तो डायलिसिसला जातो, येतो. मी ऑफिसातून निघाले की आधी काकूंना फोन करते, मग घरच्या फोनला, आणि ती बाई तिन्ही भाषांत मला तेच सांगते. हे पत्र कुठे टाकणार मी? देव्हाऱ्याखालच्या खणात वातींच्या पुडीजवळ ठेवून देईन. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. रोज संध्याकाळी मी दिवा लावते, तेव्हा फोनला ऊब लागू नये म्हणून निरांजन जरा बाजूला सरकवते आणि हात जोडते. आपण काय मागतोय, कुणाच्या घरचा माणूस मागतोय, ते मला पक्कं ठाऊक असतं, आबा. ते बोलायला माझी जीभ रेटत नाही. फोन येऊ दे, मी इतकंच म्हणते. पुढचं त्याचं त्याला कळेल.