निखारगड पडत नाही

रविवार, ५ जानेवारी
आज निखारगडाला वेढा पडला. चार फुटी नकाशा, आठवडाभर खपलो. गेम मास्टर मी. म्हणजे किल्ला, शत्रू, हवा, नशीब, सगळं माझ्या हातात. हल्ला करणारे तिघे: धम्मपाल सेनापती, तृप्ती जादूगार, राजू चोर. चौघंही नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, एकाच कंपनीत. दर रविवारी चारला पंचवटीत आमच्या घरी फासे टाकतो. दोन रविवारांत किल्ला पाडायचा. प्लॅनिंग परफेक्ट.
जाताना धम्मपाल म्हणाला, तिकडे तमिळनाडूत होसूरला नोकरी लागली, वीस तारखेला जॉइनिंग. मी अभिनंदन केलं. मनापासून.

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७.
किल्ल्यात विहीर काढायची राहिली होती. काढली. धान्य दोन महिन्यांचं होतं, आठ केलं. रिअ‍ॅलिझम हवाच. धम्मपालच्या जाण्याशी काही संबंध नाही.

रविवार, १२ जानेवारी
भयंकर टेन्शन. धम्मपालनं वीस बाजूंचा फासा टाकला आणि वीसच पडले! दरवाजा फुटला. तिघं उभे राहून ओरडले. मला घाम. आत दुसरा तट आहे, असं शांतपणे सांगितलं. तृप्तीनं विचारलं, नकाशात कुठंय? म्हणालो, गुप्त आहे.

गुरुवार, १६ जानेवारी
कँटीनमध्ये धम्मपाल म्हणाला, वेढा अर्धवट टाकून जाणं बरं वाटत नाही, जॉइनिंग आठवडाभर पुढे मागितलंय. मी दिवसभर खुशीत.
आई म्हणाली, अरे शेखर, तुझ्या खेळापायी त्याची नोकरी जायची. आईला डावपेच कळत नाहीत.

रविवार, १९ जानेवारी
दुसराही तट पडला. तिसरा बांधावा लागला. नाइलाज.

शनिवार, २५ जानेवारी
होसूरहून धम्मपालला मेल. मंगळवारी हजर नाही झालात, तर जागा दुसऱ्याला. उद्या रात्रीची गाडी. उद्या किल्ला पाडणार. शपथ.

रविवार, २६ जानेवारी. रात्री ११.
धम्मपाल बॅग घेऊनच आला. पाचला तिसरा तट पडला. उरला फक्त बालेकिल्ला. त्याचे अठरा पडले. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे किल्लेदाराचा फासा टाकला. चार. किल्ला पडला होता.
तोंडातून निघालं, "एकोणीस. हल्ला परतवला."
धम्मपालनं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "सेनापतीचा हुकूम. वेढा उठवा."
तृप्ती म्हणाली, "खरंच?"
"हो. सैन्याला घरी जाऊ दे."
आपल्या सोंगट्या गोळा करून तिघं निघाले.
निखारगड अजिंक्य. हा गेम मास्टरचा विजयच. स्टेशनवर गेलो नाही. नकाशा गुंडाळायचा होता.

रविवार, २ फेब्रुवारी
चार वाजून गेले. तृप्ती नाही, राजू नाही. दोघांनाही कामं असणार.
साडेपाचला धम्मपालचा फोन. तिकडच्या ऑफिसात ग्रुप जमतोय, गेम मास्टर तोच. म्हणाला, किल्लाच घेतोय, वेढा संपवतात कसा?
तट, विहीर, धान्य, सगळं सांगत बसलो. शेवटी म्हणालो, "धम्मा, त्या दिवशी माझे चार पडले होते."
"माहितीये रे. तुझ्या मागं शोकेस आहे ना, तिच्या काचेत फासा दिसतो. आम्हाला तिघांनाही. पहिल्या रविवारपासून."
फोन ठेवला. फासा आडोशामागे ठेवला, उठून त्याच्या जागेवर जाऊन बसलो.
दिसतो.