बुडबुडा मधोमध येईपर्यंत

वन्सं,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा आहे, पण इथे पाय पसरले की डोकं शेगडीला लागतं, म्हणून बसल्या जागेवरूनच हात जोडते. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींची दाढ निघाली, की अजून नुसतीच चर्चा चालू आहे? आम्ही दोघंही ठीक आहोत, म्हणजे उभे आहोत. झोपलो मात्र नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. फोन केला असता, पण या दरीत रेंज येते ती एकाच दगडावर, आणि त्या दगडापाशी रांग असते. (खरं कारण वेगळं आहे. तुम्ही फोनवर नुसतं "हं" म्हणालात की माझं पुढचं सगळं घशातच राहतं. कागद "हं" म्हणत नाही.)

तुमच्या बंधूंना गेल्या महिन्यात परांचीवर चक्कर आली, हे भाचीकडून कळलं असेलच. दुसऱ्या मजल्याची उंची, हातात थापी. शेजारच्या गवंड्याने वेळेवर कंबर धरली म्हणून बरं, नाहीतर... पुढचं लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, मग यंत्र बदलून मोजला, आणि सांगितलं की पंधरा दिवस काम बंद, रोज दोन तास चालायचं आणि सात तास झोपायचं. येत्या सोमवारी पुन्हा तपासणार आहेत. आकडा खाली आला नाही, तर परांचीवर चढणं कायमचं बंद. तीस वर्षं भिंतींच्या माथ्यावर वावरलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. घरी येऊन थापी धुतली, पुसली, आणि पुन्हा धुतली.

ज्यांच्या गच्चीची गळती यांनी थांबवली होती, ते गृहस्थ म्हणाले, आमचं मोटारहोम रिकामं उभं आहे, घेऊन जा, डोंगरात चाला, तिथेच झोपा. मी लगेच हो म्हटलं. (इतक्या चटकन मी आयुष्यात आणखी एकदाच हो म्हटलं होतं, त्याला आता बावीस वर्षं झाली.) गाडी तशी छान आहे. टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो. पलंग उचलला की त्याखाली पाण्याची टाकी असते, आणि टाकीचं झाकण शोधायचं म्हटलं की पुन्हा टेबल करावं लागतं. म्हणजे दिवसभर घरकाम तेवढंच, फक्त घर लहान.

चालण्याची तक्रार नाही. पायवाटा सुंदर आहेत, आणि तुमचे बंधू दोन तास न कुरकुरता चालतात, फक्त वाटेतल्या प्रत्येक दगडी बांधाला हात लावून "चुना कमी पडला" असं म्हणतात. रडकथा सुरू होते संध्याकाळी, गाडी कुठे लावायची इथपासून. इथे माणसं चालायला हजारांनी येतात, त्यामुळे जिथे म्हणून चार चाकं टेकतील तिथे "रात्रीच्या मुक्कामास मनाई" अशी पाटी उभी असते. एका ठिकाणी तर पाटी रोवायला जेवढी जागा लागली तेवढीच सपाट होती. आणि हे सगळं कमी म्हणून की काय, यांची पाणसळ. ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, तुम्ही पाहिलीच आहे. घरून निघताना मी औषधं भरली आणि यांनी पाणसळ भरली. गाडी थांबली की ती टेबलावर ठेवायची, मग ओट्यावर, मग गादीवर. बुडबुडा मधोमध आला नाही तर यांना झोप येत नाही. डोकं खाली घरंगळतंय असं वाटतं म्हणे. जागा शांत हवी ती मला, सपाट हवी ती यांना, आणि कायदेशीर हवी ती दोघांना. देवाकडे मागताना माणसाने एका वेळी एकच मागावं, हे मी आता शिकले.

पहिल्या रात्री पायवाटेच्या तोंडाशी असलेला गाड्यांचा तळ मिळाला. डांबरी, सपाट, परवानगीचा. बुडबुडा मधोमध! मी मनात सुस्कारा सोडला. पण डोंगरावरून सूर्योदय बघायचा तर माणसाला पहाटे साडेचारला निघावं लागतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दारं आपटली, काठ्या खडखडल्या, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन "मोजे कुठेत?" असं सात वेळा विचारलं. शेवटी एका बाईंनी आमचंच दार ठोठावून, शौचालय हेच का, अशी चौकशी केली. दुसरी रात्र लाकडाच्या वखारीमागे. मालक भला माणूस, लावा म्हणाला. रात्रभर टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सहाला करवत सुरू झाली. बंधू म्हणाले, सहा म्हणजे काही लवकर नाही. खरं आहे, पण त्याआधीचे तास ते बुडबुड्यापायी पलंगाखाली फळ्या सारण्यात घालवत होते.

तिसऱ्या दिवशी टोपीवाले आजोबा भेटले. ते वर्षातले आठ महिने आपल्या गाडीतच राहतात आणि दरीतला खड्डा न् खड्डा ओळखतात. आमचे तारवटलेले डोळे पाहून त्यांना दया आली. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, त्यांनी आम्हाला तळ्यामागची एक जागा सांगितली. कुणाला बोलू नका म्हणाले, पूर्ण शांतता असते. आम्ही पोचलो तेव्हा तिथे सव्वीस गाड्या होत्या. प्रत्येकाला आजोबांनी इकडेतिकडे बघूनच सांगितलं होतं. सगळे शांततेसाठी आलेले, त्यामुळे जो तो दुसऱ्याला "शू" करत होता. सव्वीस गाड्यांची "शू" किती मोठी होते, ते तिथे कळलं.

काल मात्र खरोखरची शांत जागा सापडली. जुन्या खाणीकडे जाणारी वाट, पाटी नाही, माणूस नाही. फक्त उतार. बुडबुडा जाऊन नळीच्या टोकाला बसला. चाकांखाली विटा लावल्या, फळ्या लावल्या, माझं स्वयंपाकाचं पुस्तकही लावलं. बुडबुडा जागचा हलेना. चमच्यांचा खण आपोआप उघडत होता आणि मी आपोआप घरंगळून यांच्या अंगावर जात होते. तीन वेळा परत वर चढले, चौथ्यांदा दमून तशीच राहिले. (वन्सं, खरं सांगू? इतक्या वर्षांत यांची छाती इतकी धडधडते हे मला माहीत नव्हतं. आपण रोज शेजारी झोपतो, पण कान लावून कुठे झोपतो?) मला वाटलं डोळा लागला यांचा. तर हळूच म्हणाले, "ताईच्या अंगणात मधोमध होता."

तीन वर्षांत आमच्या घरात तुमच्या अंगणाचं नाव निघालेलं नाही. यांनी तिथे फरशी घातली, पाण्याला ढाळ द्यायचा राहिला, सगळं पाणी तुमच्या उंबऱ्याशी साचलं, आणि तुम्ही चार माणसांत विचारलंत, "गवंडी म्हणवतोस आणि ढाळ विसरतोस?" त्यावर हे म्हणाले होते, "ढाळ आहे, पाणीच आळशी आहे." मला तेव्हा हसू आलं होतं, त्याची आजही लाज वाटते. तेव्हापासून तुमचं "हं" आणि यांचं मौन. काल अंधारात मी एवढंच विचारलं, की ढाळ दिला होता का? मग म्हणाले, "विसरलो होतो." चुकलो असं नाही म्हणाले. पण विसरलो हा शब्द चुकलोच्या अगदी शेजारच्याच घरात राहतो, एवढं मला कळतं.

असो. फार लिहिलं. थकलेल्या माणसाचं बोलणं आणि उतारावरची गाडी, दोन्हींना ब्रेक लागत नाहीत. भावोजींना आणि भाचीला आमची आठवण सांगा, आणि गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची
भावजय

ता. क. : सोमवारला पाच दिवस आहेत. तुमच्या अंगणात तीन रात्री गाडी लावली तर चालेल का? जेवण आमचं आम्ही करू, आवाज नाही, पाटी नाही, आणि जमीन किती सपाट आहे ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. इथला किराणा दुकानदारच टपाल घेतो, तो म्हणतो, पत्र उद्या पोचेल. उत्तर फोनवर द्या, मी दगडावर रांगेत उभी राहीन. "हं" म्हणालात तरी चालेल, यावेळी मी त्याचा अर्थ हो असाच घेणार आहे.

आणखी ता. क. : यांना हे पत्र माहीत नाही. किराण्याची यादी करतेय असं सांगितलं आहे. तेव्हा बोलावणं तुमच्याकडून आलं असंच दाखवा.

शेवटचं ता. क. : यादी इतकी लांब कशी, म्हणून यांनी वाचलं. ओरडले नाहीत. एकच दुरुस्ती केली, की तुमचं फाटक आठ फुटांचं नसून आठ फूट दोन इंचांचं आहे, आरसे मिटले की गाडी आत जाते. (मी फाटकाचं कुठे लिहिलंच नव्हतं.) आता बाहेर दुकानातून विकत आणलेली छन्नी, हातोडा आणि थापी गाडीत भरण्याचा आवाज येतोय. उंबऱ्याजवळच्या दोन रांगा उखडून ढाळ देतो म्हणतात, खाली वाकून करायचं काम आहे, डॉक्टरीणबाईंनी म्हणे फक्त चढायला मनाई केलीय. भाचीने सांगितलं की त्या पाण्यावर तुम्ही फळी टाकून, गुडघा सांभाळत ये-जा करता. तीन वर्षं काढलीत. वन्सं, आणखी तीन दिवस काढा. यांना चौथ्या सकाळपर्यंत फरशीला हात लावू देऊ नका. आधी झोपू दे.