मी हयात असताना वाटली गेलेली फौज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त, घरात ताई, इस्पितळात एक्सरेवाल्या बाई आणि खेळांच्या दुकानात मावशी या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहून ठेवते. माझी प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी जिवंत आहे हेही त्यात मुद्दाम लिहून घेतले आहे. डॉक्टर हसले, पण त्यांनी लिहिले. त्याचे कारण पुढे येईल.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. मागे एक धाकटा भाऊ आणि माझी भावजय. आम्ही तिघे एकाच घरात राहतो. मी गेल्यावर सगळे त्यांचेच, मग कागद कशाला, अशी माझी समजूत होती. गेल्या हिवाळ्यात ती समजूत मोडली.

कलम २. मागची खोली व तीतील सामान. नोकरीभर मी माणसांची हाडे काळ्या-पांढऱ्यात पाहिली. एकदा एका पेशंटने एक्सरेच्या आधी खिसे रिकामे केले आणि जाताना बोटाच्या पेराएवढा एक खेळण्यातला सैनिक टेबलावर विसरला. बिनरंगाचा, नुसता राखाडी. मालक भेटेल म्हणून तो मी खेळांच्या दुकानात नेला. तिथे टेबलावर डोंगर-पूल मांडून अशा सैनिकांच्या लढाया खेळतात, फासे टाकून. दुकानदार म्हणाला, "मालक येईल तेव्हा येईल. तोवर रंगवून बघा की." मालक आला नाही. मी मात्र अडकले. वर्षे गेली आणि मागच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक अख्खी फौज उभी राहिली. खेळण्यात मी कच्ची. रंगवण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून नमूद करते.

कलम ३. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने मला माझ्याच इस्पितळात आडवे केले. श्वासाची नळी घातली होती. तयारी ठेवा, असे डॉक्टरांनी भावाला सांगितले. मी परत आले, कशी ते मलाही कळले नाही. काठी टेकत घरी आले आणि चपला काढायच्या आधी मागच्या खोलीचे दार उघडले.

आत इस्त्रीचे टेबल होते. दोरीवर चादरी वाळत होत्या. काचेच्या कपाटात भावजयीच्या शिवणाचे दोरे होते. मी दार लावले आणि पुन्हा उघडले. खोली चुकली असे वाटले.

"माझी माणसं कुठं आहेत?" मी विचारले.

भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, आधी बस तू."

"बसते. माणसं कुठं आहेत?"

"दिली."

"कुणाला?"

"दुकानात. सगळी. रंग, ब्रश, सगळंच."

भावजय मधे पडली. "ताई, ह्यांना बोलू नका हो. रोज त्या कपाटापुढं जाऊन रडत बसायचे. एक दिवस म्हणाले, ते सगळे माझ्याकडेच बघतात, मला नकोत ते घरात. खोकी मीच आणून दिली."

रडू येईल असे वाटले, ते आले नाही. मी इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी राहिले, आणि दोघेही माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी परत येऊन त्यांना पेचात टाकले होते.

कलम ४. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून दुकानात गेले. समोरच्या भिंतीवर माझा फोटो होता. मोठा, चौकटीतला. खाली "आमच्या लाडक्या मावशी", जन्माचे साल, मधे एक रेघ आणि पुढे चालू साल. मी पायरीवरच थिजले. दुकानदाराने मला पाहिले आणि त्याच्या हातातला फाशांचा डबा फरशीवर फुटला.

"मावशी?"

"मीच."

"पण तुमचे भाऊ म्हणाले..."

भाऊ म्हणाला होता, "ताई गेल्यात जमा आहे." शेवटचे शब्द त्याच्या रडण्यात वाहून गेले असावेत. दुकानदाराने "ताई गेल्या" एवढेच ऐकले. सगळ्या खेळाडूंनी उभे राहून दोन मिनिटे शांतता पाळली आणि माझी फौज आठवण म्हणून आपापसांत वाटून घेतली.

मागच्या टेबलावर माझा हिरव्या झग्याचा सेनापती उभा होता. झग्याच्या एका घडीवरचा रंग उडाला होता. कुरियर पोचवणारी एक बाई, हेल्मेट शेजारी ठेवून, त्याच्यावर मोबाइल धरून बसली होती. फोटो काढला की कोणते रंग वापरले ते सांगणारे ॲप असते, ते ती चालवत होती. ती समोरच्या गड्याला म्हणाली, "हे म्हणतंय सावलीत काळा घाल. मावशींनी काळा घातला असेल का रे?"

मी मागून म्हणाले, "मावशींनी सावलीत कधीच काळा घातला नाही."

"तुम्हाला काय माहीत?" तिने मान न वळवता विचारले.

"मी मावशी."

तिने माझ्याकडे पाहिले, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अशी किंचाळली की तिची खुर्ची उलटली. श्वास जागेवर आल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "मग हा मी परत करायचा का?"

मला हसू आले. म्हटले, आण ब्रश, दाखवते. गडद हिरव्यात किंचित तांबडा मिसळला, कारण हिरव्याची सावली रंगचक्रात त्याच्या समोर येणाऱ्या रंगातून येते. काळ्याने रंग मरतो. मग ब्रश झग्यापाशी नेला आणि माझा हात थरथरला. ब्रश झग्यावरून घसरून सेनापतीच्या तोंडावर आडवा गेला. मी हात टेबलावर दाबून धरला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. भिंतीवरच्या फोटोने मला जेवढे हादरवले नाही तेवढे माझ्या स्वतःच्या मनगटाने हादरवले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की हे आजारपणाचे देणे आहे, बहुधा जाणार नाही.

कुरियरवाली खुर्ची सरळ करून बसली. "तुम्ही मिसळा," ती म्हणाली, "मी लावते."

कलम ५. सबब, पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

(अ) माझी फौज ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहावी. दुकानदार गोळा करून आणतो म्हणाला होता, मी नको म्हटले. एकाची तलवार मोडली, दुसऱ्याचा घोडा लंगडा झाला, पण इतकी वर्षे काचेआड उभी असलेली माणसे एकदाची लढली.

(आ) माझी ओली पॅलेट, म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, आत स्पंज आणि त्यावर कागद, जिच्यावर रंग कितीतरी दिवस सुकत नाही, ती दुकानदाराने मला परत दिली. माझ्यामागे ती कुरियरवालीला मिळावी. स्पंज ओला असावा, पाण्यात पोहू नये. वास मारू लागला की धुवावा, लाजू नये. सेनापतीही तिचाच. ॲप तिने खुशाल वापरावे, पण कोणता रंग कोणाशेजारी शोभेल एवढेच त्याला विचारावे आणि सैनिक आधी खिडकीपाशी न्यावा. ट्यूबलाइटखाली मोबाइलही फसतो.

(इ) माझी चिनी मातीची पॅलेट, बारा वाट्यांची, मला जेवणाच्या टेबलावर सापडली. एका वाटीत मीठ, एकीत मिरपूड. मी घास हातात धरून बघत राहिले. भावजय म्हणाली, "किती छान आहे, देऊन टाकवेना." ती पॅलेट तिला दिली आहे. तिच्यात इतकी वर्षे रंग होता, म्हणून तिच्यातून खाऊ नये. बटणे ठेवावीत.

(ई) पुठ्ठ्याचे रंगचक्र, ज्यावर कोणत्या रंगासमोर कोणता रंग येतो ते दिसते, दुकानदाराला. ते त्याने माझ्या फोटोच्या जागी टांगावे. फोटो आत्ताच उतरवावा. पुढे लावायचा झाल्यास साल बदलावे.

(उ) बँकेतून खर्च वजा जाता जे उरेल त्यातून इस्पितळाच्या एक्सरे खोलीबाहेरच्या भिंती रंगवून घ्याव्यात. रंग कोणताही चालेल, राखाडी चालणार नाही.

(ऊ) मी गेले असे कोणाच्या तोंडच्या शब्दावर धरू नये. डॉक्टरांचा दाखला हातात पडेपर्यंत माझा चमचाही जागचा हलवू नये.

कलम ६. राहते घर. हे माझ्या स्वकष्टाचे असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. पहिल्या रागात मी ते दुकानाला देणार होते. वकिलांनी तसा मसुदा टाइपही केला होता आणि भावाला ते ठाऊक होते.

गेल्या आठवड्यात मागच्या खोलीतून खुडबूड ऐकू आली. इस्त्रीचे टेबल खिडकीपाशी ओढलेले होते. भाऊ चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसला होता, हातात दुकानातून विकत आणलेला एक कोरा सैनिक. त्याने तो पायापासून तोंडापर्यंत निळा केला होता. डोळेसुद्धा निळे.

"काय चाललंय?"

तो शाळकरी पोरासारखा दचकला. "कपाट रिकामं दिसतं गं. म्हटलं, भरावं."

"आणि रंग कशात काढलास?"

"काढायचा कशात? बाटली आहे ना." त्याने ब्रश बाटलीत दांड्यापर्यंत बुडवून दाखवला.

"थेट बाटलीतून?" मी ओरडले. "अरे, माझ्या घरात राहून थेट बाटलीतून?"

भावजय धावत आली. तिला वाटले मला पुन्हा काहीतरी झाले. आणि भाऊ, जो मी परत आल्यापासून माझ्याशी धड बोलला नव्हता, तो हसता हसता रडायला लागला. "ताई, ओरड गं," तो म्हणाला, "आणखी ओरड."

वकिलांकडचा मसुदा मी फाडला. सदरहू घर, मागच्या खोलीसह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाला व त्यानंतर भावजयीला मिळावे. अट एकच. रंग घेताना त्याने निदान बशी तरी घ्यावी.

कुरियरवाली व दुकानदार यांना या कागदाने लाभ होत असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही. दोघेही रुसले आहेत.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च, रविवार, सकाळ

सही व डाव्या अंगठ्याचा ठसा : ताई

आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीत व जिवंत असताना, बाईंनी वरील सही केली :
१. छातीचे डॉक्टर
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (शुद्धलेखन तपासले आहे)