सदू येतोय

१९ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या दिग्दर्शकांच्या असतात. क्लासला पंधरा दिवस सुट्टी देऊन टाकली, मुलांची गणितं काही पळून जात नाहीत. सिनेमाचं नाव ‘उसना’. कर्जाने पिचलेला माणूस मेलेल्या मित्राचं नाव लावून त्याच्या गावी राहतो आणि अपराधीपणाने आतून जळतो. नायक मीच. कॅमेरा रितेशचा. तो आमच्या महाडातच लग्नं शूट करतो. आमच्या सौभाग्यवती कालिंदीबाई म्हणाल्या, तुम्हाला धड खोटं बोलता येत नाही, तुम्ही कसले नायक! कलावंताच्या घरी हे चालायचंच.

२१ फेब्रुवारी
तुडीलला घर सापडलं. अंगण झकास, मागे सावित्री नदी. मालकीण आनंदीबाई, एकटीच असते. शूटिंगला नाय म्हणजे नाय म्हणाली. मग मला निरखून विचारलं, तू मंबईचा ना रे, माझ्या सदूचा दोस्त? मी हो म्हणालो. एवढंच. बाकी सगळं तीच बोलली. सदू तिचा एकुलता एक, चार वर्षं त्याचा फोन नाही. अंगण मिळालं. शूटिंग संपलं की खरं सांगून टाकेन.

२४ फेब्रुवारी
सदूला बढती दिली. काय करणार, आनंदीबाई रोज विचारते. आता मी तिला मावशीच म्हणतो. आज सुकट आणि तांदळाची भाकरी. जेवताना कोणाला नाही म्हणवत नाही. तिच्या भाकरीचं ऋण चढतंय. प्रीमियरला पहिल्या रांगेत बसवून फेडेन.
रितेश म्हणतो, सर, चेहऱ्यावर अपराधीपणा येत नाही, अपचन झाल्यासारखं दिसतं. अँगल चुकतोय त्याचा.

२७ फेब्रुवारी
सदूचं लग्न ठरलं. मी बोललो नाही हां! तिने विचारलं, पोरगी बघितलीन का रे? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.
उद्या नक्की सांगणार.

२८ फेब्रुवारी
सांगायलाच गेलो होतो, शप्पथ. मावशी शिमग्यासाठी अंगण सारवत होती. म्हणाली, पालखी दारात आली की नारळ घरच्या पुरुषाने द्यायचा. चार वर्षं शेजारी देतो, जीव तुटतो माझा. यंदा येल ना रे सदू? मी म्हणालो, येईल. तिच्या डोळ्यांकडे बघून कोणीही हेच म्हणालं असतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं.

२ मार्च
झोप नाही. खरं तर पालखीआधी निघून जाता येईल. मग सदू आला नाही तर दोष सदूचा. रितेशला हे पटत नाही. पण पालखीची एवढी गर्दी फुकटात मिळतेय, सोडायची कशी? राहतोय.

५ मार्च, दुपार
पालखी अंगणात आली. मावशी नवी साडी नेसून दारात. म्हणाली, थांबा, माझा सदू येतोय. ढोल थांबले. खांद्यावर पालखी घेऊन माणसं उन्हात ताटकळली. पालखीचा मानकरी रामजी म्हणाला, आनंदीबाई, फुडची घरं खोळंबलीत. तिने मला सांगितलं, फोन लाव रे त्याला. मी बंद फोन कानाला लावला, हो हो म्हटलं आणि जाहीर केलं, कशेडी घाटात दरड कोसळली, सदू अडकलाय.
सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं. फाल्गुनातलं रणरणतं ऊन. त्यात रामजी शांतपणे म्हणाला, मंबईवरनं येणाऱ्याला कशेडी लागतच नाय, ती पोलादपूरच्या पल्याड हाय. अरे देवा, जन्म महाडात गेला माझा!
लोक हसले. मावशी त्यांच्यावरच कडाडली, गेला असल पोर कामाला फुडं, तुमचं काय जातंय? आणि नारळ माझ्या हातात ठेवला. सदूच्या जागी तू दे. रामजीने देवाला गाऱ्हाणं घातलं, सदूला सुखी ठेव. मी नारळ धरून उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटते, स्वतःची किळस येते.

५ मार्च, संध्याकाळ
सांगितलं. मावशी, मी सदूला ओळखत नाही. कधी बघितलंही नाही.
ती चुलीपुढे होती. तिने लाकडं मागे ओढली. मग विचारलं, बढती? म्हटलं, नाही. लगीन? नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने मला पाट दिला, स्वतः भिंतीला टेकली. मग म्हणाली, पण बरा तरी हाय ना रे तो?
म्हटलं, मला माहीत नाही.